पारदर्शक कागद

शाळेंतील संगणकापाशीं बसलेला हुशार विद्यार्थीहि कळफलकावर बोट ठेवण्यापूर्वीं हटकून विचारतो, "सर, कांहीं बिघडणार तर नाहीं ना?" बिघडण्याचें भय हें शिकण्याच्या मार्गांतील मोठें विघ्न होय. त्यावर एक साधा उपाय मला उपयोगी पडला. तो वाचकांस सांगावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

एका संगणकाच्या पोटांत दुसरा आभासी संगणक चालवितां येतो. त्याची कार्यप्रणाली व त्यांतील सर्व मजकूर 'डिस्क इमेज' नांवाच्या फाइलींत सांठविलेला असतो. फाब्रिस बेलार यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'क्यूएमू' ह्या प्रणालींत 'स्नॅपशॉट' नांवाचा एक पर्याय आहे. तो योजून यंत्र सुरू केलें, म्हणजे मूळ फाइल केवळ वाचली जाते. नवें जें लिहिलें जाईल तें एका तात्पुरत्या फाइलींत जातें. वाचतांना बदललेला भाग ह्या फाइलींतून व न बदललेला भाग मुळांतून घेतला जातो. त्यामुळें आंतील यंत्रास कांहींच वेगळें भासत नाहीं. यंत्र बंद होतांच तात्पुरती फाइल नाहींशी होते. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर रेघा ओढाव्या, तशीच ही युक्ति.

एका मुलीनें अशा यंत्रांतील महत्त्वाच्या फाइली मुद्दाम पुसून टाकल्या, यंत्र कोलमडलें. पुन्हां सुरू करतांच तें पूर्ववत् उभें राहिलें आणि वर्गांत एकच हंशा पिकला. त्या दिवसापासून "बिघडेल का?" ऐवजीं "असें केलें तर काय होईल?" असें मुलें विचारूं लागलीं.

परंतु ह्या सोयीची किंमतहि आहे. आधीं बजावलें असूनहि एका विद्यार्थ्यानें तासभर खपून लिहिलेला सुबक प्रोग्रॅम तसाच सोडून यंत्र बंद केलें. कागदाबरोबर त्याचे श्रमहि गेले, बिचारा हिरमुसला. चूक कोणती व श्रम कोणते, हा भेद यंत्रास कळत नाहीं. बदल मूळ प्रतींत उतरवावयाचे असल्यास यंत्र चालू असतांनाच 'कमिट' ही आज्ञा द्यावी लागते. अथवा मूळ प्रतीवर आधारलेली निराळी फाइल प्रत्येकास आधींच करून द्यावी. मग ज्याचे बदल त्याच्या फाइलींत टिकतात व मूळ प्रत अबाधित राहते. मात्र त्यानंतर मूळ प्रतीस हात लावूं नये. पाया हलला कीं वरचें सारें निरुपयोगी होतें.

विद्यार्थिमित्रांनो, प्रयोग निर्भयपणें करा. पण उठण्यापूर्वीं काय राखावयाचें तें ठरवा. तो निर्णय यंत्र तुमच्यासाठीं करणार नाहीं.