टू मी वन ब्रदर इज

लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले. विषय तसा इंग्रजी व्याकरणाचा आहे, पण इंग्रजीच्या तासाला ज्यांच्या पोटात गोळा यायचा त्यांनी घाबरू नये. माझ्याही पोटात यायचा. आता गेली तीसेक वर्षं चिखलीच्या बाजूला एका शाळेत मीच तो तास घेतो, हा भाग वेगळा.

१९८६ सालची गोष्ट. आमचं गाव लोणारजवळ, बुलडाणा जिल्ह्यात. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते आलं २००० साली. दादा नववीत, मी सातवीत. शाळा एकच आणि इंग्रजीचे सरही एकच. एक दिवस सर नववीच्या चाचणीच्या वह्या घेऊन आमच्या वर्गात आले. बसल्या बसल्या तपासत होते. मध्येच एक वही वर धरून म्हणाले, "ऐका रे." आणि वाचलं, "टू मी वन ब्रदर इज."

भाषांतराला दिलेलं वाक्य होतं, 'मला एक भाऊ आहे.'

वर्ग खदखदून हसला. मग सरांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि हाच तो वन ब्रदर!" वर्ग आणखी हसला.

मीही हसलो. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

दादा १९८८ साली दहावीला बसला. इंग्रजीत गेला. पास व्हायला ३५ लागायचे, त्याला २२ पडले. बाकी सगळे विषय निघाले होते, गणितसुद्धा. ऑक्टोबरला पुन्हा बसला, पुन्हा इंग्रजीच. आमच्याकडे अशी कितीतरी घरं आहेत जिथे एक जण 'इंग्रजीत गेलेला' असतो आणि पुढचं सगळं आयुष्य त्या दोन शब्दांत सांगून होतं. दादा शेतात गेला. पहिल्या हंगामाचे पैसे हाती आले तेव्हा मेहकरहून माझ्यासाठी एक जुनं पुस्तक घेऊन आला, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. पाठीमागचं पुठ्ठं निघालेलं. "तू तरी निघ यातून," एवढंच म्हणाला.

मी निघालो. त्या पुस्तकावरच निघालो. आधी नियम, मग शब्द, मग मराठी वाक्यं, की करा भाषांतर. पण त्यातली मराठीसुद्धा आमच्या घरची नव्हती हो! आम्ही 'मला' कुठे म्हणायचो? आम्ही म्हणायचो 'मले'. म्हणजे आधी वऱ्हाडीतून पुस्तकी मराठीत यायचं आणि मग तिथून इंग्रजीत जायचं. दोन नद्या ओलांडायच्या, आणि सर म्हणणार पोरगं पोहण्यात मंद आहे.

मास्तर झाल्यावर मला दादाचं ते वाक्य नीट कळलं. मराठीत 'हॅव'साठी एक असं क्रियापदच नाही. आपल्याकडे वस्तू माणसाकडे येऊन असतात. मला भाऊ आहे, माझ्याकडे पैसे आहेत, मला ताप आहे, मला भूक लागली. इंग्रजीत मात्र माणूस पुढे उभा राहतो आणि सगळं त्याच्या मुठीत असतं. आय हॅव अ ब्रदर, आय हॅव मनी, आय हॅव फीव्हर. आता दादानं काय केलं होतं बघा. 'मला'चं 'टू मी', 'एक'चं 'वन', 'भाऊ'चं 'ब्रदर', 'आहे'चं 'इज'. एकही शब्द चुकला नव्हता. क्रमसुद्धा मराठीचा, क्रियापद शेवटी. त्याला शब्द येत होते, विचारही येत होता. फक्त इंग्रजी माणूस हे वाक्य दुसऱ्या टोकाकडून उचलतो, ही एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. सांगायला पाच मिनिटं लागतात. मी रोज सांगतो, म्हणून माहीत आहे.

हे सगळं दादाला सांगावं असं अनेकदा वाटलं. पण त्यासाठी ती वही काढावी लागली असती, आणि वही काढली की माझं हसणंही निघालं असतं.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. दादा आणि मी सकाळी लोणारच्या सरोवराच्या काठावर गेलो. उल्का पडून झालेलं हे विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. २०२० साली पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळीकडे फोटो फिरले, त्याच वर्षी रामसर यादीतही नाव आलं. तेव्हा बाहेरचं माणूस दिसणं काही नवलाचं नाही. त्या दिवशी स्पेनचं एक जोडपं होतं. बाई खाली पाण्याकडे बघत म्हणाल्या, "इज व्हेरी ब्युटिफुल."

माझ्यातला मास्तर लगेच जागा झाला. 'इट' कुठे गेलं? पण आपणही 'खूप सुंदर आहे' एवढंच म्हणतो, 'ते' कुठे लावतो?

दादाला माणसांचं वय विचारायची भारी हौस. इंग्रजीपुढे एरवी तोंड न उघडणारा माझा दादा त्या गृहस्थांना म्हणाला, "यू? एज?"

ते हसून म्हणाले, "आय हॅव फिफ्टी-थ्री इयर्स."

दादानं माझ्याकडे पाहिलं. "बरोबर हाय का रे हे?"

मी म्हटलं, नाही. आय ॲम फिफ्टी-थ्री म्हणायला पाहिजे. त्यांच्या भाषेत वयाची वर्षं माणसाजवळ असतात, म्हणून ते तसं बोलले.

दादा जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे त्याचं बी माह्यासारखंच हाय की."

घरी येऊन मोबाइलवर बराच वेळ शोधत बसलो. स्पॅनिशमध्ये वय, भूक, थंडी, सगळं 'असतं', म्हणजे 'तेंगो'. पण 'मला आवडतं' म्हणायचं झालं की ते म्हणतात 'मे गुस्ता'. अगदी आपल्यासारखं! आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस 'मला'त. इंग्रजीचं 'आय लाइक' त्यांनाही आपल्याइतकंच उलटं वाटत असणार. म्हणजे माद्रिदच्या वर्गातलं पोर आणि मेहकरच्या वर्गातलं पोर वेगवेगळ्या चुका करतं, पण कारण एकच. चुकतो तो मेंदू नव्हे. आईची भाषा पुढे येऊन दार उघडते, इतकंच.

पण काठावरची गोष्ट राहिलीच. निघताना बाईंनी माझ्याकडे बोट करून दादाला विचारलं, "इज युवर ब्रदर?"

दादा म्हणाला, "यस. माय ब्रदर. वन."

व्याकरण शोधू नका त्यात. बाईंना पूर्ण कळलं.

परतताना गाडीवर मी मागे बसलो होतो. तोंड दिसत नाही तेव्हा बोलणं सोपं जातं. मी दादाला वहीचं सांगितलं. सरांनी वाचलं ते, आणि मी हसलो तेही.

दादानं गाडी हळू केली. म्हणाला, "मले मालूम हाय. पोरांनी त्याच दिवशी सांगतलं होतं."

"मग बोलला नाहीस कधी?"

"काय बोलू? तू त्या राती जेवला नव्हता."

अडतीस वर्षं मी समजत होतो की ही गोष्ट फक्त मला ठाऊक आहे.

असो. तेव्हापासून वर्गात एक बदल केला आहे. पहिल्याच दिवशी पोरांना सांगतो, घरी बोलता तसं एक वाक्य सांगा. ते फळ्यावर लिहितो, 'मले दोन बहिणी हायेत'. त्याखाली एकेका शब्दाचं इंग्रजी, जसंच्या तसं. आणि त्याखाली इंग्रजी माणूस कसं म्हणेल ते. मधली ओळ वाचून पोरं हसतात. हसू देतो, मधली ओळ माझ्या हातची असते.

त्या ओळीला मी 'चूक' म्हणत नाही. तास संपला तरी ती पुसत नाही, शाळा सुटेपर्यंत फळ्यावर तशीच ठेवतो.