भांडीबाजारामागील दोन यंत्रें

गेल्या श्रावणांत रामकुंडावरील स्नान आटोपून आम्ही नाशिकच्या भांडीबाजारामागें एका जुन्या शिष्याच्या वाड्यावर गेलों. दोघां भावांची वांटणी होऊन माळा रिकामा होत होता; भंगारवाला दारांत उभा होता. माळ्यावरून दोन जुने गृहसंगणक निघाले : थोरल्याचा, १९८६ सालीं डेसिबेल्सनें आपल्या देशांत आणलेला स्पेक्ट्रम, आणि धाकट्याचा, १९८४ पासून शाळांना मिळूं लागलेल्या जातीचा बीबीसी मायक्रो.

एके काळीं आम्हीं या थोरल्यास ठांसून सांगितलें होतें कीं, स्पेक्ट्रमच्या घड्याळाचे ठोके सेकंदास ३५ लाख, बीबीसीचे २० लाख. सबब पहिलाच वेगवान. तो उपदेश चुकीचा होता.

स्पेक्ट्रममधील झेड-८० या चिपमध्यें (१९७६) सुमारें ८,५०० ट्रान्झिस्टर. आंकडे ठेवण्याचे कप्पे पुष्कळ, शिवाय सोंवळ्याच्या भांड्यांप्रमाणें त्यांचा दुसरा संच निराळा. बीबीसीतील ६५०२ (१९७५) ही काटकसरी गृहिणी : ट्रान्झिस्टर सुमारें ३,५००, कप्पे मोजके, परंतु स्मृतींतील पहिल्या २५६ जागा हाताशीं धरून ती संसार नेटका करते. झेड-८० चें लहानांत लहान काम ४ ठोक्यांचें, ६५०२ चें २ ठोक्यांचें. म्हणजे सेकंदास पावणेनऊ लाख कामें विरुद्ध दहा लाख! मोठ्या कामांत कधीं एक सरस, कधीं दुसरी.

आम्हीं चूक कबूल केली. शिष्य क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, तुमच्या त्या शब्दावर मीं धाकट्याला किती हिणवलें!"

त्यानें भंगारवाल्यास परत पाठविलें, आणि बीबीसी स्वतः उचलून धाकट्याच्या खोलींत नेऊन ठेविला.