जळगाव ते धुळे : शंभर मीटरचा प्रवास

जळगावहून धुळ्याला रेल्वेने जायचे म्हटले तर चाळीसगावला गाडी बदलावी लागते. म्हणून बहुतेक लोक सरळ एसटी धरतात. अंतर सुमारे 90 किलोमीटर. शहर सोडले की बांभोरीला गिरणा नदीचा पूल लागतो आणि पलीकडे विद्यापीठाच्या इमारती दिसतात. मग पाळधी, एरंडोल, पारोळा. कार्तिकातल्या उन्हात दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो आणि वेचणीच्या बायका डोक्यावर पदर घेऊन वाकलेल्या दिसतात. पारोळ्याचा जुना किल्ला मागे पडला की मुकटी, फागणे, आणि मग धुळे.

या रस्त्याने लोक लग्नाला जातात, कोर्टकचेरीला जातात, कापड घ्यायला जातात. मी गेलो तो पळण्याच्या शर्यतीसाठी. उर्दू शाळेत मराठी शिकवणे हे माझे काम. पण मुलांचा संघ बाहेरगावी निघाला की खेळाच्या सरांबरोबर दुसरा एक शिक्षक लागतो. शालेय क्रीडा स्पर्धांची एक शिडी असते. आधी तालुका किंवा शहर, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आमच्या नाशिक विभागात नाशिक, जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे चार जिल्हे. आमची पाच मुले 17 वर्षांखालील गटात विभागापर्यंत पोहोचली होती. शंभर मीटरला एक, आणि चार गुणिले शंभर रिलेला चार अधिक एक राखीव. पाच मुलांत खिळ्यांचे बूट, म्हणजे स्पाइक, दोनच जोड.

एरंडोलच्या गर्दीत बस रांगायला लागली तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला, "सर, बोल्ट इस बस से तेज भागता ना?" मी म्हणालो, नक्कीच. 16 ऑगस्ट 2009 ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत उसेन बोल्टने 100 मीटर 9.58 सेकंदांत पार केले. त्या धावेत त्याचा सर्वाधिक वेग ताशी 44 किलोमीटरच्या वर गेला होता. आमची बस त्या वेळी ताशी 20 ने तरी चालली होती की नाही, देव जाणे.

मग साहजिकच पुढचा प्रश्न आला, "और अपने इंडिया का?" छत्तीसगडच्या आदिवासी भागातून आलेल्या अनिमेष कुजूरने 5 जुलै 2025 ला ग्रीसमध्ये 10.18 सेकंदांची वेळ नोंदवून राष्ट्रीय विक्रम केला, हे मी सांगितले. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत 200 मीटरला त्याने कांस्यपदकही घेतले. मुले म्हणाली, फरक तर एका सेकंदाचाही नाही. वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. 10.18 सेकंदांत 100 मीटर, तर 9.58 सेकंदांत किती? उत्तर आले साधारण 94 मीटर. म्हणजे बोल्ट रेषेवर पोहोचेल तेव्हा आपला विक्रमवीर 6 मीटर मागे असेल. "छे मीटर, बस?" एक जण म्हणाला. हे सहा मीटर कापायला माणसाचे अर्धे आयुष्य जाते, हे त्याला धुळ्यात पोहोचल्यावर कळणार होते.

"महाराष्ट्र का कोई था क्या सर?" होता. आणि नुसता होता असे नाही, आशियात पहिला होता. मार्च 1951 मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या. देशाला स्वातंत्र्य मिळून चार वर्षेही झाली नव्हती. 11 देश आले होते. मुंबईच्या लेव्ही पिंटो या तरुणाने 100 मीटर 10.8 सेकंदांत आणि 200 मीटर 22 सेकंदांत जिंकून दोन सुवर्णपदके घेतली. शिवाय रिलेत रौप्य. पुढच्या वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तो दोन्ही शर्यतींच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढे तो अमेरिकेला गेला आणि 2020 मध्ये तिथेच वारला. त्याच्यानंतर पुरुषांच्या 100 मीटरचे आशियाई सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेले नाही. 1954 आणि 1958 ला ते पाकिस्तानच्या अब्दुल खालिकने नेले, 1986 पासून सलग तीनदा कतारच्या तलाल मन्सूरने. पिंटोचे नाव आमच्या मुलांपैकी कुणीच ऐकलेले नव्हते. आपल्या राज्याच्या राजधानीत राहणारा मुलगा अख्ख्या आशियात सर्वांत वेगवान होता, हे ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली.

धुळे हे पांझरेच्या काठचे गाव. 1819 च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने इथे व्यापारी आणून वसवले आणि नव्या पेठेची आखणी केली. त्या सरळ आखणीमुळे आजही लोक पत्ता सांगतात तो गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, गल्ली नंबर सहा असा. रिक्षातून जाताना आमच्या मुलांनी पाट्या वाचल्या आणि त्यांना हसू फुटले. "सर, ये तो पूरा गाँव ही ट्रॅक है!" गल्लीला त्यांनी लगेच लेन म्हणायला सुरुवात केली.

खरा ट्रॅक मात्र मातीचा होता. पहाटे पाणी मारून, फक्कीने पांढऱ्या रेघा ओढलेला. साडेनऊपर्यंत पाणी उडाले आणि माती मोकळी झाली. शंभर मीटरच्या धावपटूला जमीन घट्ट लागते, कारण तो पायाने जमीन मागे ढकलत असतो. भुसभुशीत मातीत निम्मा जोर जमिनीतच जिरतो. मोठ्या स्पर्धा होतात त्या रबरासारख्या सिंथेटिक ट्रॅकवर. पुण्याच्या बालेवाडीत 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या संकुलात तसा ट्रॅक आहे. आमच्यापैकी कुणीच त्यावर पाय ठेवलेला नव्हता.

मैदानाच्या कडेला एक म्हातारे बाबा फक्कीचे घमेले घेऊन बसले होते. आमचा दहावीतला मुलगा सराव करताना त्यांनी पाहिला आणि अहिराणीत म्हणाले, "पोऱ्या मस पयस, पन खास काय?" पोरगा छान पळतो, पण खातो काय? सकाळी घरून निघताना त्याने चहात बुडवून दोन पाव खाल्ले होते. आमच्या खेळाच्या सरांनी पिशवीतून केळी काढून त्याच्या हातात दिली. जळगावच्या माणसाकडे दुसरे काही नसले तरी केळी असतात.

शंभर मीटरचा नियम फार कडक असतो. मोठ्या स्पर्धांत 2010 पासून एकदाही आधी सुटलात तर बाद. बंदुकीच्या आवाजानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पाय हलला तरी ती चुकीची सुरुवात मानतात, कारण इतक्या लवकर कान ऐकून पायाला निरोप पोहोचवूच शकत नाही. 2011 मध्ये दक्षिण कोरियातल्या जागतिक स्पर्धेत खुद्द बोल्ट असाच अंतिम शर्यतीतून बाद झाला होता. आमच्या मैदानावर बंदूक नव्हती, लाकडी क्लॅपर होता. तो वाजला, आठ मुले सुटली आणि एवढ्या प्रवासाचा निकाल बारा सेकंदांत लागला. आमचा मुलगा तिसरा आला. स्टॉपवॉचवर 11.7. पहिले दोघे त्याच्यापुढे हातभर अंतराने होते.

दुपारी रिले होती. चार मुलांनी शंभर-शंभर मीटर पळायचे आणि बॅटन एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायची. बॅटन म्हणजे फूटभर लांबीची पोकळ नळी. ती 30 मीटरच्या आखलेल्या पट्ट्यातच द्यावी लागते. देणारा दमलेला असतो, घेणाऱ्याने मागे न बघता पळायला सुरुवात केलेली असते. दोघांचा वेग जुळला तर काम झाले. आमच्या मुलांनी दोन बदल सुरेख केले, तिसऱ्यात हात चुकला आणि बॅटन मातीत पडली.

चौघांचे चेहरे उतरले. नमाज आणि डबे आटोपल्यावर लिंबाच्या सावलीत बसून मी त्यांना दिल्लीची गोष्ट सांगितली. 12 ऑक्टोबर 2010. राष्ट्रकुल स्पर्धा, जवाहरलाल नेहरू स्टेडियम. भारताच्या रिले संघात चौघे होते : बंगालचा रहमतुल्ला मोल्ला, तामिळनाडूचा सुरेश सत्या, केरळचा शमीर मोन आणि हैदराबादचा अब्दुल नजीब कुरेशी. चार राज्ये, चार भाषा. समोर इंग्लंड आणि जमैका. इंग्लंड पहिले, जमैका दुसरे आणि भारत तिसरा, 38.89 सेकंद. जमैकापेक्षा फक्त दहा शतांश सेकंद मागे. कुरेशीने त्याच स्पर्धेत एकट्याने 100 मीटर 10.30 मध्ये पळून तेव्हाच्या राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी केली होती.

पुन्हा वही उघडली. 38.89 ला 4 ने भागले तर माणशी 9.72 येतात. म्हणजे एकटा 10.30 च्या खाली न गेलेला संघ चौघे मिळून सरासरी 9.72 ने पळाला. कसा? कारण पहिल्याशिवाय बाकीच्या तिघांना उभ्याने सुरुवात करावी लागत नाही. बॅटन हातात येते तेव्हा त्यांनी वेग धरलेला असतो. एका मुलाने लगेच विचारले, "मतलब गिराना नहीं, बस." होय, एवढेच.

परतीच्या प्रवासात मुले झोपली आणि मला आमचे जुने संघ आठवले. चार वर्षांपूर्वी जिल्ह्यात रिले जिंकलेल्या चौघांपैकी एक मोबाइल दुरुस्ती करतो, एक भुसावळला फळांच्या गाडीवर असतो, एक सुरतेला कापडाच्या कामाला गेला. चौथा बारावीनंतर शिकतो आहे, पण पळत नाही. हे सगळे कष्टाची भाकरी खातात, त्यात कमीपणा काही नाही. पण चौघेही पंधरा-सोळाव्या वर्षी थांबले. नेमक्या त्याच वयात मुलाची उंची वाढते, मांड्या भरतात आणि वेग तयार होतो. चौदाव्या वर्षी जो भरधाव पळतो तो नुसता चपळ मुलगा असतो. धावपटू घडतो तो पुढच्या चार वर्षांत. शाळेचा हात सुटून घराने हात धरायचा तो हा पट्टा, आणि आपल्या घरांत बॅटन पडते ती इथेच.

कुणी म्हणेल, गरिबाच्या पोराला हे परवडते का? इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरच्या लालू मुहम्मद झोहरीचे उदाहरण पाहा. आईवडील गेलेले, घर लाकडी फळ्यांचे. भावंडांनी वाढवले, शाळेत तो खेळाच्या शिक्षकांच्या नजरेत भरला. जुलै 2018 मध्ये फिनलंडमधील टॅम्पेरे इथे 20 वर्षांखालील जागतिक स्पर्धेत त्याला सर्वांत कडेची आठवी लेन मिळाली होती. अठरा वर्षांच्या त्या मुलाने 100 मीटर जिंकले. वेळ 10.18. सात वर्षांनी भारताचा जो राष्ट्रीय विक्रम झाला, तोच आकडा.

पुढच्या आठवड्यात मी आणि खेळाचे सर आमच्या तिसऱ्या आलेल्या मुलाच्या घरी गेलो. वडिलांचे कूलर दुरुस्तीचे दुकान आहे. जळगावच्या उन्हाळ्यात त्या दुकानाला श्वास घ्यायची फुरसत नसते, आणि दहावीनंतर मुलगा पूर्णवेळ हाताखाली यावा ही त्यांची इच्छा. त्यांनी चहा मागवला आणि सरळ विचारले, "सर, इसमें आगे क्या है?"

आम्ही खरे तेच सांगितले. पदक मिळेलच असे कुणी सांगू शकत नाही. ठरावीक पातळीवर खेळला तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. पुढे ठरलेल्या स्पर्धांत पदक आले तर राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा असतात. रेल्वे, सैन्यदल, पोलीस यांतही खेळाडूंना वाट असते. आणि यातले काहीच झाले नाही तरी मुलाचे शरीर आणि शिस्त कुठे जात नाही. पुढच्या वर्षीही त्याचा हाच वयोगट आहे. हातभर अंतर भरून काढायला एक वर्ष पुरे.

ते गप्प राहिले. बोलल्या त्या आत बसलेल्या दादी. "हमारे हुजूर (स.) भी तो बीबी आयशा के साथ दौड़े थे. दौड़ने में क्या बुराई है?" मुलाचे वडील हसले.

शेवटी ठरले ते असे. फजरनंतर सात वाजेपर्यंतचा वेळ मैदानाचा, त्यात दुकानाने मागणी करायची नाही. मार्च ते जून संध्याकाळी मुलगा दुकानात बसेल. रोज दोन अंडी आणि एक ग्लास दूध ही अम्मीची जबाबदारी. स्पाइकचे पैसे अर्धे वडील देतील, अर्धे आम्ही काही शिक्षक मिळून. मुदत एक वर्षाची. पुढच्या हंगामात तो विभागातून राज्याला गेला नाही, तर वडील म्हणतील तसे.

आता तो मुलगा रोज सकाळी मेहरूण तलावाकडे पळत जातो. फिरायला आलेली मंडळी बाजूला होऊन त्याला वाट देतात. तुमच्या मोहल्ल्यातही असा एखादा पोरगा असेल, जो दूध आणायलासुद्धा चालत जात नाही. त्याच्या घरी एकदा जाऊन बसा, आणि त्याच्यासाठी फक्त सकाळचा एक तास मागून घ्या.