कापूस वेचणाऱ्या दोघी

चित्रकार विन्स्लो होमर बोस्टनचा. जन्म १८३६, मृत्यू १९१०. विशीच्या उंबरठ्यावर शिळाछापखान्यात उमेदवारी केली. तिथून सुटला तेव्हा ठरवलं, आता कुणाची नोकरी नाही. आणि ते पाळलंही. यादवी युद्धात ‘हार्पर्स वीकली’साठी आघाडीवरची रेखाटनं पाठवायचा. त्यांत मला लढायांपेक्षा छावणीत कंटाळून बसलेले शिपाई आवडतात.

•

ते युद्ध वऱ्हाडाला परकं नाही. १८६१ ते ६५ अमेरिकेचा कापूस मँचेस्टरला पोचेना, मग साहेबाची नजर आपल्या काळ्या मातीवर आली. वऱ्हाडचा कारभार १८५३पासून त्याच्याच हाती होता. भाव चढले; युद्ध संपताच कोसळले. मुंबईत मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. रूळ मात्र थांबले नाहीत. १८६७मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून गाडी नागपूरला पोचली, १८७०मध्ये खामगावचा फाटा झाला. आधी गाठी, मग माणसं.

•

१८७६. होमरचं ‘द कॉटन पिकर्स’. रुंदी जेमतेम सव्वातीन फूट. गुलामी कायद्यानं संपून अकरा वर्षं झालेली, शेत तेच, काम तेच. दोन काळ्या तरुणी कमरेइतक्या कापसात उभ्या. एकीजवळ टोपली, दुसरीच्या खांद्यावर भरलेली पिशवी. दुसरी लांब कुठेतरी बघते. काय बघते ते होमर सांगत नाही. हे चित्र घेतलं कुणी? एका इंग्रज कापूस व्यापाऱ्यानं!

•

दर्यापूरकडची बाई हे चित्र पाहील तर आधी विचारेल, “इची ओटी कुठी हाय वं?” बरोबरच आहे. आपल्याकडे कमरेला ओटी बांधून दोन्ही हातांनी वेचतात. वाळल्या बोंडाची टोकं बोटं ओरबाडतात. पहिल्या वेच्याआधी शेतात सीतादही होतं, दहीभात शिंपडला जातो. मग दिवसभर वाकणं, आणि संध्याकाळी काट्यावर मजुरी ठरते. पऱ्हाटीत उभ्या राहिलेल्या बाईला होमरच्या त्या दोघींची पाठ कुठे दुखत असेल ते सांगावं लागणार नाही.

•

आणि आपले वास्तववादी चित्रकार? महादेव विश्वनाथ धुरंधर, कोल्हापूरचे, जन्म १८६७. जे. जे.त शिकले, तिथंच शिकवलं. हात असा की गर्दीतला प्रत्येक पदर वेगळा पडावा. ऑटो रोथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) पुस्तकात त्यांच्या बायकाच बायका आहेत. देखण्या आहेत, पण बहुतेक जणी अमुक जातीचा, तमुक प्रांताचा नमुना म्हणून उभ्या. दोष एकट्या धुरंधरांचा नाही. पुस्तक साहेबाचं, मागणी साहेबाची. बाकी कामं दरबारांची, पुराणांची. कापसाच्या शेतात बसायचे पैसे कोण देणार होतं?

•

होमर पुढे मेनच्या किनाऱ्यावर जाऊन राहिला आणि समुद्र रंगवत बसला. लोक त्याला त्या लाटांसाठी ओळखतात. माझ्या लेखी त्या दोघी वरचढ. चित्र सध्या लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे.

•

अमरावती-अकोल्यात चित्रकला शिकणाऱ्या पोरापोरींनो, दसरा-दिवाळीपासून वेचणी सुरू होते. कागद घेऊन बांधावर जा. आधी बाईला तिचं नाव विचारा. आणि तिला फार वेळ उभी करू नका, तिची मजुरी किलोवर असते.