थोडा तुरट राहू दे

कार्तिक लागला की मंडईत आवळ्यांचे ढीग दिसू लागतात आणि आमच्या ओट्यावर किसणी, फडकं, स्टीलचं पातेलं आणि चायना ग्रासची पुडी एकत्र येतात. नातीला बाटलीतल्या व्हिटॅमिनच्या गमी फार आवडतात: रंगीत, चिवट, स्ट्रॉबेरीच्या वासाच्या. त्या इतक्या आवडतात, याचीच मला धास्ती वाटते. लोह, अ आणि ड जीवनसत्त्व मोजून घातलेली वस्तू मुठीने खावीशी वाटावी, हे काही बरं नाही. ही द्रव्यं जास्त झाली तर अंगात साठतात आणि बाधतात. औषध असेल तर ते वरच्या फळीवर राहावं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच हातावर यावं. मी करते त्या आवळ्याच्या गोळ्या हा खाऊ आहे आणि तो खाऊच राहावा, एवढीच माझी इच्छा.

आवळा निवडण्यात काही गूढ नाही. टणक, डाग नसलेला घ्यावा. लोखंडी विळीवर मात्र चिरू नये, त्यातल्या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की फोड काळी पडते. स्टीलच्या किसणीवर किसायचा आणि फडक्यात घालून पिळायचा. वाटीभर फिकट हिरवा रस निघाला की तो झाकून बाजूला ठेवायचा. थंड मात्र करायचा नाही.

खरी कसरत पुढे आहे. दीड वाटी पाण्यात गवती चहाची दोन पाती आणि आल्याचा तुकडा उकळून ते पाणी गाळून घ्यायचं. त्यात पाच-सहा ग्रॅम चायना ग्रास आधी भिजवून, मग उकळून पूर्ण विरघळवायचं. एकही तंतू दिसता कामा नये. अर्धी वाटी साखर घालायची, गॅस बंद करायचा, वाफ थोडी ओसरू द्यायची आणि मगच आवळ्याचा रस ओतायचा. रस आधी घालून सगळं एकत्र उकळलं तर आंबटपणामुळे चायना ग्रासची बांधण्याची ताकद तुटते आणि ताटात नुसता लगदा उरतो. शिवाय क जीवनसत्त्व उष्णतेनं आणि हवेनं उणावतं, ते या एका थांबण्यानं बरंचसं वाचतं. गोळी घट्ट व्हावी म्हणून जे करायचं, नेमक्या त्याच कृतीनं तिच्यातलं सत्त्वही राखलं जातं! स्वयंपाकात असा योग जुळून आला की मला मनापासून आनंद होतो. ताटात ओतलेलं मिश्रण पस्तीस-चाळीस अंशांपर्यंत उतरलं की ओट्यावरच थिजतं, फ्रीजचीही वाट पाहावी लागत नाही.

हे चायना ग्रास म्हणजे समुद्रातलं तांबडं शैवाल. तमिळनाडूत रामेश्वर-मंडपमच्या किनाऱ्यावर बायका बोटांना चिंध्या गुंडाळून पाण्यात बुडी मारतात आणि खडकांवरून असं शैवाल खुडून आणतात. वाण्याकडच्या त्या हलक्या, कागदासारख्या पुडीमागे असे श्रम असतात. म्हणून भांड्याला चिकटलेला थरही मी निपटून घेते. जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेलं जिलेटिन तोंडाच्या उबेनं विरघळतं. हे विरघळत नाही, चावावंच लागतं, आणि पटकन तुटतं. चिवट गमीसारखं दाढांत रुतूनही बसत नाही. चार वर्षांखालच्या मुलाला मात्र ही गोळी अख्खी कधीच देऊ नये, ती घशात अडकू शकते. साखरेऐवजी मध घालायचा असेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला तो चाटवायचाही नाही.

अश्वगंधा घाला, शतावरी घाला, असं पुष्कळ जण सुचवतात. मी घालत नाही. आपल्याकडे बाळाची गुटी उगाळताना बायका सहाणेवर वेढे मोजत: हळकुंडाचा एक, मुरडशेंगेचा अर्धा, जायफळाचा नुसता स्पर्श. आता पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये असं डॉक्टर सांगतात, आणि ते ऐकायला हवं. पण त्या वेढ्यांमागचा धाक मला मोलाचा वाटतो. मुळी पोटात जायची तर मोजूनच जायची, हे त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. चमचाभर चूर्ण अंदाजानं ढकलण्यात तो धाक कुठे आहे?

आवळा एकटाच पुरेसा आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाची क जीवनसत्त्वाची दिवसाची गरज एका ताज्या आवळ्यानं भागते. 1940 च्या सुमारास हिसारकडे दुष्काळ पडला होता, तेव्हा स्कर्व्ही झालेल्या माणसांना आवळ्याचं चूर्ण आणि गोळ्या दिल्या होत्या. आवळ्याची गोळी हे तेव्हा भुकेल्या माणसांच्या हिरड्यांतून येणारं रक्त थांबवणारं औषध होतं. ते वाचल्यापासून पिळून उरलेला चोथाही माझ्याच्यानं टाकवत नाही. मीठ-जिरं लावून उन्हात वाळवते.

आयुर्वेदानं आवळ्यात खारट सोडून पाचही रस मानले आहेत. आमच्या मुलांच्या ताटात त्यातले किती येतात? गोड आणि खारट येतात, सॉसमधून थोडं आंबट. तुरट चव तर त्यांना जवळजवळ भेटतच नाही. जांभळं नाहीत, कच्ची करवंदं नाहीत, पेरूही पिकलेला आणि गोडच हवा. म्हणून साखर अर्ध्या वाटीवर थांबते. सूनबाई म्हणाली, ‘‘आई, अजून थोडी घाला ना, नाहीतर ती खायची नाही.’’ मी घातली नाही. नातीनं पहिली गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले, गाल आत ओढले. मग म्हणाली, ‘‘आजी, जीभ खरखरीत झाली.’’ मी तिला पाणी प्यायला सांगितलं. प्यायली, आणि पाण्यात साखर कधी घातली म्हणून विचारू लागली. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला तिनं एकेक गोळी आणि पेलाभर पाणी दिलं.

या गोळ्यांत टिकवण्यासाठी काही घातलेलं नसतं, त्यामुळे डबा फ्रीजमध्ये ठेवूनही चार-पाच दिवसांत संपवावा लागतो. आवळ्याचा हंगाम संपला की कोकमाच्या करणार आहे. आगळात मीठ असतं, म्हणून ताजे रतांबेच हवेत. ते एप्रिल-मेशिवाय मिळायचे नाहीत. कोकणातल्या वहिनींना आताच सांगून ठेवलं आहे.