1/2 गोळी म्हणजे किती?

सध्या मी एका टूलची माहितीपुस्तिका लिहितोय. टूल मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं. पण ही पुस्तिका वाचणार आहे एआय एजंट. एजंट म्हणजे आपण काम सांगायचं आणि त्याने स्वतःच टूल निवडून, चालवून ते उरकायचं, असा प्रोग्राम. 'ही नोटीस आवाजात करून गावच्या ग्रुपवर टाक' एवढं सांगितलं की झालं.

टूल आमच्या गावातल्या एका तरुणाने 'ईस्पीक एनजी'वर उभं केलंय. ईस्पीक एनजी फुकट आणि खुलं आहे, मराठीसकट शंभरावर भाषा बोलतं. अंध मंडळी वापरतात त्या एनव्हीडीए स्क्रीन रीडरमध्येही तेच आहे. आवाज रोबोटसारखा, पण जुन्या कॉम्प्युटरवर नेटशिवाय चालतं. कोड त्याचा, शब्द माझे. 'दादा, बातम्या लिहिता ना, मग हे पण लिहा' म्हणाला.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की माणसासाठी लिहिणं सोपं असतं. माणूस अडला की फोन करतो. एजंट बहुतेक वेळा अडतच नाही, जे समजलं त्यावर पुढे जातो. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, आवाजाची फाइल बनवणारा एजंट ती सहसा ऐकत नाही. टूलने 'फाइल तयार' म्हटलं की तो 'काम झालं' असं कळवतो. म्हणून पुस्तिकेचं पहिलं वाक्य मी असं लिहिलं: 'फाइल तयार झाली याचा अर्थ वाचन बरोबर झालं असा नाही.'

मग वाचन बरोबर कसं व्हायचं? आता 7/12 घ्या. आपल्याकडे शाळेतलं पोरगंही सातबारा म्हणेल. मशीनला तो भागाकार वाटू शकतो, अपूर्णांक वाटू शकतो, 7 डिसेंबरही वाटू शकतो. उताऱ्यावर क्षेत्र 0.40.00 असं असतं. ते 'शून्य पूर्णांक चाळीस शून्य शून्य' असं ऐकलेल्या म्हाताऱ्याला आपली एकरभर जमीन कुठे गेली तेच कळणार नाही. 'ता.', 'जि.', 'मि.ली.' यांच्या टिंबांवर वाक्य संपलं असं मशीन धरून चालू शकतं. 2.5 ला आपण अडीच म्हणतो, 1.5 ला दीड. 'चार पेंढ्या' आणि 'गुरांना चार' यातला 'च' वेगळा, पण लिहायला एकच. (फोनवरून बातमी सांगायचे दिवस ज्यांनी काढलेत, त्यांना एका अक्षराने काय घोळ होतो ते वेगळं सांगायला नको.)

यातलं काही हसण्यावारी नेता येईल, पण 1/2 नेता येत नाही. औषधाच्या चिठ्ठीत '1/2 गोळी' असेल तर अर्धी. नोटिशीत '1/2 पर्यंत अर्ज करा' असेल तर 1 फेब्रुवारी. 'एक दोन गोळ्या' असं कानावर पडलं तर? ऐकणाऱ्याला कागद दिसत नाही, किंवा वाचता येत नाही. म्हणून तर तो ऐकतोय! चूक पकडायची सोय ज्याच्याकडे नाही, नेमका त्याच्यासाठीच हा आवाज आहे.

त्यामुळे नियम लिहिला: आकडे आधी अक्षरात करायचे, मगच टूलला द्यायचे. अक्षरात केलेला मजकूर फाइलसोबत माणसाला दाखवायचा. आकड्याचे दोन अर्थ निघत असतील तर अंदाज बांधायचा नाही, थांबून विचारायचं. औषध, फवारणीचं प्रमाण, शेवटची तारीख यांचा आवाज माणसाने ऐकल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. ईस्पीकमध्ये उच्चार ध्वनिलिपीत छापून घ्यायची सोय आहे. एजंटला कान नसले तरी तेवढं वाचून तपासता येतं, तेही लिहिलं. आणि हे सगळं थोडक्यात, कारण लांबलचक पुस्तिकेत कामाचा नियमच हरवतो.

पोराचं म्हणणं, एवढे नियम घातले तर टूल हळू होईल. होऊ दे ना! चुकीची तारीख झटपट ऐकवून कोणाचं भलं होणार आहे?

हे इथे लिहायचं कारण असं. 2022 मध्ये केंद्राने 'भाषिणी' सुरू केलं. आता सरकारी माहिती आवाजातून देण्याची भाषा सगळीकडे आहे, आणि ते चांगलंच आहे. पण आवाज गोड आहे की नाही एवढंच लोक विचारतात. सातबारा कसा वाचायचा, शंका आली तर कुठे थांबायचं, हे कोणी लिहिलं आणि ते लोकांना बघायला मिळेल का, हे कोणी विचारत नाही. सरकारी पैशाने मराठी बोलणारी जी कुठली यंत्रणा येईल, तिचे हे नियम उघड असले पाहिजेत, अशी माझी तरी मागणी आहे.

आमच्या पुस्तिकेची यादी अजून अपुरी आहे. तलाठी, नर्सताई, कृषी सेवा केंद्रवाले, बाजार समितीतले मित्र, तुमच्या कागदांवर कोणती संक्षिप्त रूपं असतात आणि ती तुम्ही तोंडाने कशी म्हणता, ते कमेंटमध्ये टाका. 8-अ आणि हे.आर. झालंय. फवारणीच्या डब्यावरचं अजून काहीच नाही.