सासूबाईंचे एकासणे आणि व्यायामवालीची वही



खुब्याच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना चालवायला ऊर्जानगरात आमच्या क्वार्टरवर फिजिओथेरपिस्ट मुलगी येते. चौथ्या दिवशी तिने वही काढली आणि विचारले, "आजी दिवसभरात काय काय खातात?" शेजारच्या काकू म्हणाल्या, व्यायामवालीला आपल्या स्वयंपाकघराशी काय करायचे? मला मात्र प्रश्न रास्त वाटला. स्नायूला काम दिले आणि माल दिला नाही, तर तो भरणार कशाने?

सासूबाईंचे वय ८१, वजन ५० किलो आणि चातुर्मासाचे एकासणे. मी बी.कॉम.ची, हिशेबाशिवाय चैन पडत नाही. दोन पोळ्या, वाटीभर पातळ वरण, थोडा भात, भाजी, पेलाभर दूध. प्रथिनांची बेरीज २२ ग्रॅमच्या पुढे जाईना. आपल्या देशाच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे धडधाकट माणसालाही किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे त्यांना ४२ ग्रॅम हवे. म्हातारपणी दुखण्यातून उठताना तज्ज्ञ किलोमागे १.२ ते १.५ सांगतात. म्हणजे निम्म्याहून जास्त तूट!

मुलीने लगेच पथ्याचा कागद लिहून दिला नाही, हे मला आवडले. "मी विचारू शकते, ढोबळ सांगू शकते. मूत्रपिंडाची तपासणी डॉक्टर बघतील, रोजचे माप आहारतज्ज्ञ ठरवतील," असे ती म्हणाली. २०२१ च्या केंद्रीय कायद्यातही हे दोन व्यवसाय वेगवेगळे धरले आहेत. तपासणी ठीक आली. बी १२ मात्र कमी निघाले. ते वनस्पतीत नसतेच, आपल्याला दूधदुभत्यातून मिळेल तेवढेच. त्याचे औषध डॉक्टरांनी दिले.

आहारतज्ज्ञ बाईंनी अंडे काढलेच नाही, पण मोड आलेले मूग सुचवले. मोडाचे आमच्याकडे चालत नाही म्हटल्यावर मुगाच्या डाळीवर आल्या. सकाळी दोन तास भिजवलेल्या ५० ग्रॅम डाळीची धिरडी म्हणजे १२ ग्रॅम. सोबत दही नाही, द्विदल होते! त्याशिवाय घरचे पनीर, फुटाण्याचे पीठ आणि आणखी पेलाभर दूध. बेरीज ५५ च्या आसपास गेली. पावडरचा डबा मी परत ठेवला. बायांनो, हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होऊ नका, मध असला तरी तो ठिपका मिळतो. मागची बारीक अक्षरे वाचा.

पण एवढे एका बैठकीत पोटात मावणार कसे? खरी अडचण ती होती. सासूबाई म्हणाल्या, "हा माझा शेवटचा चातुर्मास असला तर? नियम मोडून जाऊ का मी?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आम्ही कोणी बोललो नाही. त्यांनी स्वतःच फोन लावून साध्वीजींना विचारले. शक्तीप्रमाणे तप, असे उत्तर आले. एकासण्याऐवजी बियासणे करा.

मग वेळेची जुळवाजुळव. मुलगी सहाला यायची, व्यायाम संपेपर्यंत सूर्य मावळायला आलेला. आता ती चारला येते आणि साडेपाचला सासूबाईंची दुसरी बैठक असते. वॉकर धरून त्या स्वतः पाटाजवळच्या खुर्चीपर्यंत येतात, घड्याळ बघतात आणि मला म्हणतात, "धिरडे जरा कुरकुरीत कर गं."